गादी, सतरंजी, पायरी

बार्शीतल्या त्या पेढीची खोली एकच, पण तिला तीन उंच्या होत्या. रस्त्यावरून चढायच्या दोन दगडी पायऱ्या. आत शहाबादी फरशीवर निळ्या-तांबड्या पट्ट्यांची सतरंजी. आणि सतरंजीच्या पलीकडे, वीतभर उंच लाकडी चौथऱ्यावर गादी. गादीवर पांढरीशुभ्र चादर, भिंतीशी लोड, दोन्ही कोपऱ्यांत तक्के. कोण कुठे बसणार हे तिथे कुणी कुणाला सांगत नसे. मालक लोडाला टेकून बसत. त्यांच्या उजव्या हाताला उतरत्या डेस्कापुढे मांडी घालून दिवाणजी. खरेदीदार आणि दलाल गादीच्या काठावर एक पाय खाली सोडून. माल घेऊन आलेला शेतकरी सतरंजीवर, आणि गर्दी असली किंवा त्याची भीड चेपली नसली तर पायरीवर.

माझ्या आईचे वडील, आमचे आजोबा, तिथले दिवाणजी, म्हणजे पेढीच्या वह्या लिहिणारे. माझ्या वडिलांचे वडील, आमचे आबा, त्याच पेढीचे खातेदार. एकाच्या हातात टाक होता आणि दुसऱ्याचा अंगठा. मी स्वतः पुढे सगळी नोकरी एका बँकेच्या हिशेब खात्यात काढली, त्यामुळे पैसे मोजायच्या खोल्या मी पुष्कळ पाहिल्या. पण खोली म्हटली की मला तीच आठवते, आणि तिच्यात मी कोणत्या उंचीवर उभी आहे हे माझं मला अजून नक्की सांगता येत नाही.

बार्शीला पेढ्या का आल्या हे नकाशा पाहिला की कळतं. गाव इंग्रजी मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. आणि पूर्वेला काही कोसांवर निजामाची हद्द. बालाघाटावरून बैलगाड्या खाली उतरायच्या त्या इथेच. कापूस, करडई, तूर, ज्वारी. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे आली, पुढे ती १९११ पर्यंत लातूरला पोचली, आणि गावातल्या आडतीच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलाली घेऊन विकून देणाऱ्या, पेढ्यांना दिवस पुरेना. या हद्दीमुळे दोन नाणी चालत. इकडचा कलदार आणि तिकडचा हाली. सहा कलदारांना सात हाली हा ढोबळ हिशेब. त्यावर अदलाबदलीचा वटाव, तो बदलता. आजोबा १९४० च्या सुमारास पेढीवर लागले तेव्हा त्यांना पहिलं काम मिळालं ते नाणी वेगळी करून चवडी लावायचं. वीस-वीसची एक चवड. प्रत्येक रुपया फरशीच्या तुकड्यावर आपटून ऐकायचा. खणकन वाजला तर चवडीत, बद्द वाजला तर बाजूला. आपण आजही माणूस ‘वाजवून घेतो’, त्याचं मूळ अशा एखाद्या फरशीच्या तुकड्यात आहे.

नाण्यांची पारख हे एके काळी इतकं जोखमीचं काम होतं की त्यावरून घराणीच्या घराणी ओळखली गेली. पोतदार, पारखी, नाणावटी, सराफ. ज्यांच्या घरात कैक पिढ्यांत कुणी नाणं तपासलं नाही त्यांच्या दारावरही ही पाटी आहे. पेढ्या गेल्या, पण त्यांचे असे कितीतरी धागे आपल्या बोलण्यात राहून गेले. आपण कुणाच्या गुणांना जमेची बाजू म्हणतो. ताळमेळ बसत नाही म्हणतो, त्यातला ताळाही पेढीवरचा आणि मेळही. पिकाचा अंदाज सरकार आता पैसेवारी म्हणून काढतं, तरी आमच्याकडे गावात अजून आणेवारीच म्हणतात. आणि सगळ्यात मला आवडतो तो भेटल्यावरचा प्रश्न. हालहवाल झाली, पोराबाळांची चौकशी झाली, क्षणभर गप्प झालं की माणूस म्हणतो, “बाकी काय?” अजून काही द्यायचं-घ्यायचं उरलंय का, असं विचारल्यासारखं.

वहीबद्दल सांगायला हवं, कारण ती आता कुणी पाहिलेली नसते. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, मधोमध शिवलेली, वर गुंडाळायला पांढरी दोरी. आत एकही छापील रेघ नाही. कागदाला घड्या घालून सळ पाडलेले असायचे, तेच रकाने. प्रत्येक पानाचे चार-चार सळ, पहिल्यात रक्कम, उरलेल्यांत मजकूर. नवी वही आली की आजोबा प्रत्येक पान बोटांनी दाबून घडी उठवत जायचे. शाई आखत नव्हती, कागदच वाकून जागा दाखवत होता. डावीकडे जमा, म्हणजे आलेलं; उजवीकडे नावे, म्हणजे दिलेलं. बँकेत लागल्यावर मला उलटं शिकावं लागलं, आणि पहिले काही महिने माझी नजर चुकीच्या बाजूला पडायची.

रक्कम लिहायची पद्धत तर चित्रासारखी. रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. त्यापुढे आडव्या रेघा, एकेक आण्याची एकेक. पाच रुपये दहा आणे म्हणजे पाचाचा आकडा, दोन उभ्या, दोन आडव्या. आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ होतं. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा! मला कॅल्क्युलेटरवर करायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात त्यांचं उत्तर लिहून होई. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि सोळा आण्यांचे शंभर पैसे झाले. एक आणा म्हणजे सहा पैसे, दोन म्हणजे बारा, तीन म्हणजे एकोणीस, चार म्हणजे पंचवीस. दोनाचे बारा आणि तीनाचे एकोणीस, ही मधली उडी शेतकऱ्याला समजावून सांगताना घसा कोरडा पडायचा असं आजोबा सांगत. सवा सहाचा आणा, पाव पैसा कुणाच्या पदरात टाकायचा? त्याच्यासाठी खातं होतं. कसर.

मी नऊ वर्षांची असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर आजोळी होते. ज्वारीची आवक जोरात होती. आजोबा रोज आठाच्या आत घरी यायचे, त्या दिवशी नऊ वाजले तरी पत्ता नाही. आजीने डबा बांधून शेजारच्या मुलाच्या सोबतीने मला पेढीवर पाठवलं. दार अर्धं लावलेलं, आत पिवळा दिवा. मालक लोडाला टेकून जांभया देत होते, कारकून सतरंजीवर उकिडवा बसला होता, आणि आजोबा रोजकीर्दीवर, रोजच्या देण्याघेण्याच्या वहीवर, वाकलेले. त्यांच्यापुढे नोटांच्या थप्प्या आणि चिल्लरीच्या चवडी लावून ठेवल्या होत्या. मेळ बसत नव्हता, वहीतल्या शिलकेला हातातली रोकड जुळत नव्हती. सत्तावीस रुपये कमी भरत होते.

“उद्या बघू, दिवाणजी,” मालक म्हणाले. “पोरगी डबा घेऊन आलीय.”

“उद्याचा मेळ आजच्या शिलकेवर उभा राहायचाय, मालक,” आजोबा वर न बघता म्हणाले. मग मला विचारलं, “सत्तावीसला नवानं भाग जातो का गं?”

“जातो. तीनदा.”

“मग कुठं तरी आकडा उलटा पडलाय. इकडं ये, तुझे डोळे तरणे आहेत.”

बँकेत शिकायला लागल्यावर मला याचं गणित कळलं. कोणत्याही दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नवाने निःशेष भाग जातो. पण त्या रात्री आजोबांनी जे सांगितलं ते कोणत्याही पुस्तकात मला पुढे सापडलं नाही. ते म्हणाले, आपली मराठी एकक आधी बोलते आणि दशक मागून. कारकून ओरडतो ‘त्रेसष्ट’. कानावर आधी तीन येतो, मग साठ. हात दमलेला असला की कानाच्या मागे जातो आणि आधी तीनच लिहितो. म्हणून मराठी पेढीवर ही चूक ठरलेली.

आणि खरोखर तेच निघालं. माझं बोट एका ओळीवर थांबलं. एका शेतकऱ्याची पट्टी, त्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब, चुकती केलेली, कागदाच्या पट्टीवर त्रेसष्ट, कीर्दीत छत्तीस. ६३ मध्ये एकमेकांकडे तोंड करून बसलेले दोन आकडे वहीत पाठमोरे झाले होते. अक्षर आजोबांचंच होतं. ते काही बोलले नाहीत. खोडलं नाही, वर गिरवलं नाही. दिवसाच्या शेवटी खाली एक नवी नोंद केली, चूकदुरुस्ती म्हणून सत्तावीस रुपये नावे, शेतकऱ्याचं नाव, गाव. मग टीपकागद दाबला. “खाडाखोड केलेल्या वहीला कोर्टात कुणी विचारत नाही,” एवढंच म्हणाले. त्यांना ठाऊक असलेला कायदा हाच. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ३४ होतं, धंद्याच्या ओघात नेमाने लिहिलेल्या वहीची नोंद पुराव्यात धरायची. पण नुसत्या तेवढ्या नोंदीवर कुणाच्या डोक्यावर देणं बसवायचं नाही. त्या ‘पण’पुढचं वाक्य मला नोकरीला लागल्यावर वाचायला मिळालं.

घरी येताना भगवंताच्या देवळापाशी त्यांनी मला एकनाथांची गोष्ट सांगितली. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी हिशेब लिहीत असताना नाथांना एका पैची चूक सापडेना. रात्रभर दिव्याशी बसले. पहाटे पै सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, आणि स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, तर ती देवाकडे लावलीस तर काय होईल. गोष्ट मराठी घरात सगळ्यांनी ऐकलेली असते. मला मात्र तेव्हा वाटलं की नाथ बार्शीलाच राहत होते.

इथपर्यंत लिहिणं मला सोपं जातं. आजोबांचा टाक, चादरीचा कडक वास, सांबराच्या शिंगासारखी वळलेली त्यांची अक्षरं. पेढीवर लिहिणाऱ्या बहुतेकांना हेच आठवतं आणि ते खोटं नाही. पण पायरीवरून ती खोली कशी दिसायची हे मला आबांनी सांगितलं, आणि तेही फार उशिरा, तुटक तुटक.

आबा वैरागच्या बाजूचे. कोरडवाहू रान, मालदांडी ज्वारी. पेरणीच्या आधी पेढीवरून उचल घ्यायची. बियाणं, सरकी, बैल, कुणाचं दुखणं, कुणाचं लग्न. उचल घेतली की माल दुसऱ्या आडतीवर नेता येत नाही. ते कुठे लिहिलेलं नसतं, पण नेता येत नाही. सुगीत सगळ्यांचाच माल एकदम येतो, भाव पडतो, आणि नेमका त्याच वेळी विकावा लागतो. आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, पोत्यामागे कडता, म्हणजे वजनातली सूट. व्यापारी बघायला म्हणून मूठभर घेतात तो नमुना परत पोत्यात पडत नाही. त्यांच्या वडिलांच्या काळात तर भावही कानावर पडत नसे. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायचे, बोटांच्या पेरांवर सौदा व्हायचा, आणि ज्याची ज्वारी तो समोर उभा राहून हलणाऱ्या रुमालाकडे बघत असायचा. पुढे बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलाव आले तेव्हा हे थांबलं.

“पट्टी हातात मिळायची की,” मी एकदा म्हटलं.

“मिळायची. पण मला वाचता कुठं येत हुती,” आबा म्हणाले. “मी तुझ्या आजोबांच्या तोंडाकडं बघायचो. ते खोटं बोलणाऱ्याचं तोंड नव्हतं.”

मोडीत लिहिलेली वही म्हणजे ज्याला मोडी येत नाही त्याच्यासाठी बंद दार. सरकारी शाळांतून मोडी शिकवली जायची ती १९५० च्या दशकापर्यंत, म्हणजे शाळेत गेलेल्यांना ती यायची. आबांसारखा न गेलेला माणूस आपल्याच आयुष्याच्या पानावर अंगठा उठवायचा आणि पानावर काय आहे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा.

म्हणून १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात जे झालं ते मला समजतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असेपर्यंत इथल्या कापसाला सोन्याचा भाव होता, सावकार हात सैल सोडून देत होते. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, सारा मात्र वाढवलेला, आणि पेढ्यांनी हात आखडला. शेतकरी सुप्याला जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले. मिळाले ते जाळले. दंगे पुढे नगर जिल्ह्यातही पसरले. चौकशीला नेमलेल्या मंडळालाही दिसलं की लोकांचा रोख माणसांवर कमी आणि कागदांवर जास्त होता. जीव घ्यायचे प्रकार क्वचितच झाले. १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, पुणे, सातारा, नगर आणि आमच्या सोलापूरला लागू. रोख्यावर काय लिहिलंय तेवढ्यावर न थांबता मुळात किती दिलं, किती परत आलं हे उकरून बघायची मुभा कोर्टाला मिळाली.

तुकोबांचं घरही महाजनाचं. दुष्काळ बघितल्यावर त्यांनी घरातली कर्जखतं काढली, निम्मी भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. एक संत एका पैसाठी रात्र जागतो आणि दुसरा सगळी खतंच पाण्यात सोडतो. आपल्याकडे दोघांच्याही पालख्या निघतात. मला लहानपणी यात काही वेगळं वाटलं नव्हतं. आता वाटतं, आणि दोघांपैकी एकाला निवडायची माझी तयारी नाही.

माझ्या आईचं लग्न या खोलीतूनच जुळलं. आजोबांनी मुलीसाठी स्थळं बघितली नाहीत. घरी येऊन आजीला म्हणाले, “ज्या घराचं खातं मी वीस वर्षं लिहितोय ते घर मला ठाऊक आहे. दुष्काळातही त्या माणसानं तोंड चुकवलं नाही.” आबांना निरोप गेला तेव्हा त्यांना वाटलं की बाकीच्या वसुलीसाठीच बोलावलंय. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही, हे आजी हसत सांगायची, आणि आबा ऐकत असले तर ते हसत नसत.

लग्न झाल्यावर एक वेगळाच पेच पडला. व्याही घरी आला तर त्याला पाटावर बसवायचं, लोड द्यायचा. पण व्याही पेढीवर आला तर? दिवाणजी गादीवर आणि व्याही सतरंजीवर, हे कसं दिसणार? आणि खातेदाराला गादीवर घेतलं तर मालक काय म्हणणार, उद्या दुसरे खातेदार काय म्हणणार? आजोबांनी काय केलं हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आबा पायरीशी दिसले की ते टाक दौतीत ठेवायचे, डेस्क बंद करायचे, गुडघ्यावर हात टेकून उठायचे आणि खाली उतरून सतरंजीवर आबांच्या शेजारी बसायचे. चहा यायचा. दोघे पावसाचं बोलायचे. आबांचं काम असलं तर ते कारकून करायचा, खातंही त्या लग्नानंतर कारकूनच लिहायचा. आबा जाईपर्यंत आजोबा गादीवर चढत नसत. मालकांनी यावर कधी चकार शब्द काढला नाही, हे मी त्यांच्या जमेला धरते.

मालकांबद्दल एवढंच. वाईट माणूस नव्हते. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या वह्या चौरंगावर मांडल्या जायच्या, पहिल्या पानावर कुंकवाने श्रीकार, शुभ-लाभ, वर विड्याचं पान, सुपारी, रुपया. पाडव्याला नव्या वहीत पहिली नोंद. त्या रात्री मालक स्वतः पायरीपर्यंत येऊन खातेदारांच्या हातात पेढे देत. आणि आवक मोजताना मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणायचा. लाभ, दोन, तीन. आबांना ते आवडायचं. लाभ कुणाचा हे विचारायचं त्यांच्या मनात कधी आलं का, हे मी त्यांना विचारलं नाही.

दिवाळीची वही १९८९ ला संपली. आयकराच्या कायद्याने सगळ्यांचं वर्ष एकच केलं, एप्रिल ते मार्च. तोवर पेढीवाले दिवाळी ते दिवाळी हिशेब बंद करून त्यावर कर भरू शकत होते. पूजा होत राहिली, पण पुजलेल्या वहीत दुसऱ्या दिवशी काही लिहायचं उरलं नाही. आजोबा तेव्हा घरीच होते. त्यांनी बातमी ऐकली आणि विचारलं, “मग अश्विनातली शिल्लक कुठं नेणार?” पुढे संगणक आले, टॅली आलं, नोटाबंदी आली, जीएसटी आला. त्या सगळ्यातून ती पेढी गेलीच नाही. त्याच्या कितीतरी आधी तिचा चौथरा निघाला होता. मालकांच्या नातवाने जागा भाड्याने दिली. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. पायऱ्या तेवढ्या राहिल्यात, दगडी आहेत म्हणून.

माळ्यावरच्या वह्या रद्दीत निघाल्या तेव्हा त्या नातवाने मला फोन केला. मी जाईपर्यंत बऱ्याच गेल्या होत्या. बासनात बांधलेल्या काही मिळाल्या. त्यांतली एक खतावणी, म्हणजे खातेदारवार हिशेबाची वही, संवत २०१५ ची, म्हणजे १९५८ च्या दिवाळीपासूनची. अक्षर आजोबांचं. मला वाचता येईना. निवृत्त झाल्यावर मी मोडीच्या वर्गाला नाव घातलं. हात न उचलता सलग लिहिलेली ती अक्षरं हळूहळू सुटत गेली. आधी आकडे कळले, मग महिने, मग गावं. आणि एका दुपारी, घडीच्या सळावर, आबांचं नाव.

नावे बाजूला बैल एक. बियाणं. सरकी. लुगडं एक. डॉक्टर. रोख, रोख, रोख. सगळी मिळून चारशे रुपये. व्याज दरमहा दरशेकडा एक रुपया, अकरा महिन्यांचे चव्वेचाळीस. जमेला ज्वारी चौदा पोती, वजा आडत, वजा हमाली, वजा तोलाई, वजा कडता. मी कागद घेऊन बसले आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने एकेक ओळ तपासली. बेरजा तपासल्या, व्याज तपासलं, पानाचा ताळा केला. कुठेही एका पैशाची चूक नव्हती.

खरं सांगायचं तर मी चूक शोधत होते. आबांच्या बाजूने झालेली. कसरीत सोडलेले तीन रुपये, व्याजाचा एखादा महिना कमी धरलेला, काहीतरी. पुढे ज्याच्या घरात आपली लेक जाणार त्याच्या पानावर आजोबांचा हात कुठे तरी सैल पडला असेल असं मला वाटत होतं. नव्हता पडला. शेजारच्या पानावरच्या माणसाला जसं लिहिलंय तसंच आबांना लिहिलंय. त्यांच्या खात्याची कसर अकरा पैसे, आणि तीही पेढीच्या बाजूने. आजोबांचा टाक खोटं बोलला नाही. आणि चौदा पोती ज्वारी घालूनही वर्षाच्या शेवटी आबांकडे बाकी निघत होती. ही दोन्ही वाक्यं त्या एकाच पानावर आहेत आणि दोन्ही खरी आहेत. ते पान मी त्या दिवशी दोनदा मिटलं आणि दोनदा उघडलं.

अण्णांना, माझ्या वडिलांना, वाचून दाखवावं की नाही हे मी बरेच दिवस ठरवत होते. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. ऐकू कमी येतं. शेवटी गेल्या दिवाळीत वही घेऊन त्यांच्या खाटेशी बसले आणि मोठ्याने वाचायला लागले.

“बैल एक.”

“पाखऱ्या,” अण्णा म्हणाले. “डाव्या शिंगाचा. उजवीकडं जुंपला की चालायचा नाही.”

“लुगडं एक.”

“माझ्या आईचं. हिरवं. जत्रेला घेतलं हुतं.”

“डॉक्टर, अठरा रुपये.”

यावर ते थोडा वेळ थांबले. “धाकटी हुती एक. माझ्या पाठीवरची. ती राहिली नाही.”

मला अशी आत्या होती हे मला ठाऊक नव्हतं. आईनेही मान हलवली, तिलाही नव्हतं. मी पुढे वाचत गेले. रोख पंचवीस, रोख चाळीस. प्रत्येक रोखीला अण्णांकडे काही ना काही होतं. विहिरीची मोट दुरुस्त केली. चुलत्याचा तेरावा. शाळेची फी, त्यांची स्वतःची, बार्शीच्या शाळेत घातलं ते वर्ष. आजोबांनी त्याला रोख एवढंच लिहिलं होतं. सळात तेवढीच जागा असते. मी मध्येच पेन्सिल घेतली, पण वहीवर लिहायचा हात झाला नाही. वेगळ्या कागदावर ओळींचे आकडे घालून लिहून घेत गेले.

पान संपलं.

“बाकी किती निघाली?” अण्णांनी विचारलं.

“एकशे बारा रुपये, चाळीस पैसे.”

“पुढं ओढली का?”

मी खालची ओळ पुन्हा वाचली. आजोबांचं अक्षर, पूर्ण सलग, हात कुठेही उचललेला नाही. “हो. बाकी पुढच्या वहीत ओढली.”

“मग ती वही काढ की.”

“ती मिळाली नाही, अण्णा. ती रद्दीत गेली.”

त्यांना नीट ऐकू आलं नसावं. ते उशीला टेकले, डोळे मिटले, आणि पुढचं पान उलटायची वाट बघत राहिले.